पाणी तापतं तेव्हा मत्स्यशेतकरी काय करतात

मत्स्यशेतीत धोक्याची वेळ कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण भर दुपार सांगतील. ऊन डोक्यावर, पाणी कोमट, मासे तळाला. पण तळ्यातले मासे मोठ्या संख्येने मरतात ते बहुधा पहाटे, सूर्य उगवायच्या आधीच्या दोन-तीन तासांत. हवामान बदलाचा मत्स्यशेतीवर परिणाम कसा होतो हे समजून घ्यायचं, तर सुरुवात या पहाटेपासून करावी लागते. बाहेरचं हवामान माशापर्यंत पाण्यातूनच पोचतं. त्या पाण्यात प्राणवायू किती, मीठ किती, आम्लता किती, अमोनिया किती, यावर त्याचं जगणं ठरतं. म्हणून हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणजे मत्स्यशेतकऱ्यासाठी या चार-पाच गोष्टींवर नव्याने लक्ष ठेवणं.

हा विषय आता मूठभरांचा राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात मासे, कोळंबी, शिंपले वगैरे मिळून सुमारे ९ कोटी ४४ लाख टन जलचर शेतीतून आले. समुद्र-नद्यांतून पकडलेल्या जलचरांपेक्षा पाळलेले जलचर जास्त भरले, असं त्या वर्षी पहिल्यांदाच घडलं. आपल्या ताटातला मासा इथून पुढे बहुधा कुणीतरी वाढवलेला असणार आहे, आणि त्याला वाढवणाऱ्याचं पाणी बदलत चाललं आहे.

रात्रीचा हिशेब

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. दुसरीकडे, मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापलं की त्याच्या शरीराचा वेग वाढतो. तापमान १० अंशांनी वाढलं तर प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा आटतो. तळाच्या गाळात कुजणाऱ्या खाद्याला आणि विष्ठेलाही प्राणवायू लागतो, आणि उष्णतेत कुजणंही वेगाने होतं.

दिवसा हे सगळं झाकलं जातं, कारण पाण्यातलं हिरवं प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) उन्हात प्राणवायू तयार करत असतं. दुपारी मीटर लावला तर आकडा छान दिसतो. सूर्य मावळला की तेच प्लवंग प्राणवायू बनवायचं थांबतं आणि इतरांसारखं वापरू लागतं. रात्रभर आकडा उतरत जातो आणि पहाटे तळ गाठतो. मासे पृष्ठभागाशी तोंड काढून हवा ओढताना दिसले, तर उशीर झालेला असतो.

जाणते शेतकरी यावर एक साधा हिशेब करतात, आणि माझ्या मते सगळ्या महागड्या उपकरणांपेक्षा तो आधी शिकवायला हवा. समजा संध्याकाळी सात वाजता प्राणवायू ९ मिलिग्रॅम आहे आणि रात्री दहा वाजता ७.२. तीन तासांत १.८ उतरला, म्हणजे तासाला ०.६. रात्रीच्या अंधारात उतार बहुतेक याच वेगाने चालू राहतो. मग पहाटे पाचला आकडा ३ वर येणार आणि सहाला २.४ वर. बहुतेक पाळीव मासे ३ च्या खाली अडचणीत येतात, त्यामुळे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, मध्यरात्रीनंतर सुरू करायलाच हवा, हे झोपण्यापूर्वीच कळतं. दोन मोजमापं आणि एक वजाबाकी, एवढ्यात रात्रीचा निर्णय होतो. उन्हाळा लांबतो आणि रात्रीही उकडत राहतात तसा हा उतार अधिक तीव्र होतो, आणि आजवर ज्यांना रात्री उठायची गरज पडली नव्हती त्यांनाही हा हिशेब करावा लागतो.

यातून पुढचे बदल आपसूक येतात. खाद्य संध्याकाळी न देता सकाळी, प्राणवायू वर चढल्यावर दिलं जातं, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. आभाळ भरून आलं असेल तर खाद्य निम्म्यावर आणायचं किंवा त्या दिवशी द्यायचंच नाही. प्लवंग फार दाट झालं तर दिवस-रात्रीतला चढउतार जीवघेणा होतो, म्हणून काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोल गेल्यावर दिसेनाशी होते ते पाहतात. ३० ते ४५ सेंटीमीटर ठीक, २० च्या आत आली की खाद्य आणि खत दोन्ही आवरायचं.

अमोनियाचंही तेच. माशांनी खाल्लेल्या प्रथिनांतून पाण्यात अमोनिया येतो. त्याचं एक रूप तुलनेने निरुपद्रवी, दुसरं विषारी. २५ अंशाला पाण्याचा सामू (पीएच; तो जितका वर, तितकी आम्लता कमी) ८ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ५ टक्केच विषारी रूपात असतो, पण सामू ९ वर गेला की तो एक तृतीयांशाच्या पुढे जातो. पाणी तापेल तसा हा वाटा आणखी वाढतो. कडक उन्हाच्या दुपारी दाट प्लवंगाच्या तळ्यात सामू असाच चढतो. म्हणून उन्हाळ्यात जास्त खाऊ घातलेलं खाद्य फक्त वाया जात नाही, ते उलटतं.

आणि तरीही सगळ्यात परिणामकारक उपाय कोणता, तर तळ्यात मासे कमी सोडणं. यावर कुणी फारसं बोलत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. कमी मासे म्हणजे कमी प्राणवायूची गरज, कमी घाण, आणि वीज गेली तर हाताशी दोन तास जास्त. अति दाटीच्या तळ्यात एरेटर बंद पडला तर तासाभरात होत्याचं नव्हतं होतं. शेतकऱ्याला हे पटत नाही असं मुळीच नाही. कर्जाचा हप्ता ठरलेला असतो आणि कमी माशांत तो निघेल याची खात्री नसते. संचयन कमी करण्याचा सल्ला देणाऱ्याने हा हप्ताही डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

पाऊस येतो तेव्हा

उष्णतेइतकाच मोठा घाला आता अवेळी आणि एकदम कोसळणाऱ्या पावसाचा आहे. बरेच दिवस वारा पडलेला असला की तळ्यात किंवा जलाशयात पाण्याचे थर बनतात. वर गरम आणि प्राणवायू असलेलं पाणी, खाली गार आणि जवळजवळ प्राणवायूविना. जोराचा गार पाऊस किंवा वादळी वारा आला की वरचं पाणी खाली जातं आणि खालचं विषारी पाणी उसळून वर येतं. फिलिपिन्समधल्या ताल सरोवरात आणि इंडोनेशियातल्या मानिंजाउ सरोवरात पिंजऱ्यांतले मासे अशा घटनांत मोठ्या संख्येने मेले आहेत. तिथे शहाणपणाचा उपाय म्हणजे वर्षातल्या ज्या महिन्यांत पाणी उलटतं त्या महिन्यांच्या आधी माल काढून पिंजरे रिकामे ठेवायचे. पण त्यासाठी सरोवरातल्या सगळ्यांनी मिळून पिंजऱ्यांची संख्या मर्यादेत ठेवावी लागते, आणि खरी अडचण तिथेच असते.

खाऱ्या तळ्यातल्या कोळंबीला पाऊस वेगळा त्रास देतो. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. काही तासांत मीठ, सामू आणि तापमान तिन्ही घसरतात. त्याच धक्क्याने कोळंबी कात टाकते, कवच मऊ असतानाच ती दुबळी होते आणि दुसऱ्या कोळंबीचं भक्ष्य ठरते. अनुभवी शेतकरी पाऊस येण्याआधीच बांधांवर चुना पसरतो, म्हणजे मातीतली आम्लता वाहून आली तरी ती वाटेतच मारली जाते. पाऊस सुरू असताना वरच्या मोरीतून तरंगतं गोडं पाणी काढून टाकतो, एरेटर चालवून उरलेलं पाणी एकजीव करतो आणि खाद्य थांबवतो. ही चारही कामं वेळेवर व्हायची तर पावसाचा इशारा आदल्या दिवशी हातात पडायला हवा. हवामानाचा अंदाज फोनवर येणं हे कोळंबी उत्पादकासाठी एरेटरइतकंच कामाचं अवजार आहे.

रोगांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करावासा वाटतो. पाणी तापलं की प्रत्येक रोग वाढतोच असं नाही. कोळंबीवरचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू ३२-३३ अंशांच्या स्थिर उष्ण पाण्यात उलट मंदावतो. तापमान आणि मीठ वारंवार वर-खाली झालं की मात्र कोळंबीची ताकद खचते आणि तो उचल खातो. म्हणून शेतकरी सरासरीपेक्षा चढउतारांना जास्त घाबरतो, आणि त्याचं बरोबर आहे. तळं थोडं खोल करणं, काही भागावर सावली धरणं, भरतीचं पाणी थेट न घेता आधी साठवण तळ्यात मुरवून मग आत सोडणं, ही सगळी धडपड पाणी स्थिर राहावं यासाठीच असते.

मीठ आत येतं

समुद्राची पातळी वाढते, कोरड्या वर्षी नद्यांना पाणी कमी येतं, आणि खारं पाणी नदीमुखातून आत सरकतं. व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात २०१५-१६ च्या दुष्काळात हे फार तीव्रतेने दिसलं आणि २०१९-२० मध्ये पुन्हा. तिथले शेतकरी मिठाला दूर ठेवण्याबरोबरच त्याच्या वेळापत्रकाने शेती करायलाही शिकले आहेत. कोरड्या महिन्यांत खाचरात खारं पाणी घेऊन कोळंबी, मग पावसाने मीठ धुऊन काढलं की त्याच खाचरात भात. कोळंबीच्या विष्ठेचा भाताला उपयोग होतो, भाताच्या हंगामाने कोळंबीच्या रोगाचं चक्र तुटतं. मात्र सगळा डाव एका गोष्टीवर उभा आहे: पाऊस वेळेवर यावा आणि पुरेसा यावा. तो उशिरा आला तर मीठ धुतलं जात नाही आणि रोप करपतं. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेतलेली पद्धतही आणखी बदलेल तेव्हा पुन्हा डगमगते, याचं हे उत्तम उदाहरण.

जिथे मीठ वर्षभर मुक्काम करतं तिथे मासाच बदलावा लागतो. जिताडा, मिल्कफिश, खेकडा, काही जातींची तिलापिया यांना गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांची सवय असते. पंगस हा मूळचा गोड्या पाण्यातला मासा, तर त्याचीच मीठ सोसणारी पिढी निवडून काढण्याचं काम मेकाँगमधल्या कॅन थो विद्यापीठात झालं आहे. याउलट जिथे पाणीच टिकत नाही, तळी लवकर आटतात, तिथे हवेतून थेट श्वास घेऊ शकणारे मागूर, शिंगी, मरळ यांच्याकडे वळतात. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे बीज छोट्या संवर्धन तळ्यात आधी मोठं करून घ्यायचं आणि मुख्य तळ्यात ताकदवान बोटुकलीच, म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, सोडायची. मुख्य तळ्यातला काळ कमी होतो, म्हणजे पूर, दुष्काळ, रोग यांना सापडायचे दिवसही कमी होतात.

बांगलादेशच्या किनाऱ्यावर मे २००९ च्या आयला आणि मे २०२० च्या अंफान वादळांनी बांध फोडले आणि तळी समुद्राला मिळाली. आयलानंतर तर खारं पाणी कित्येक महिने हटलं नाही. तिथे बांध उंच करणं, त्यावर झाडं लावून माती धरून ठेवणं, बांधाच्या कडेने जाळी उभी करणं म्हणजे पाणी वरून गेलं तरी मासे आत राहतील, असे उपाय रुळले आहेत. जाळीला खर्च कमी, आणि बांधावरून फूटभर पाणी गेलं अशा पुरात ती खरोखर कामी येते. बांधच वाहून गेला तर अर्थातच नाही.

कालवांची पिल्लं आणि दुपारचं पाणी

हवेतल्या वाढीव कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि त्यामुळे त्याचं पाणी हळूहळू आम्लतेकडे सरकतं. औद्योगिक काळाच्या आधी पृष्ठभागाचा सामू सरासरी ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ आहे. फरक किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी अशी की ०.१ ची घट म्हणजे आम्लतेत पाव पटीहून अधिक वाढ. कवच बांधणाऱ्या जिवांना ती सगळ्यात आधी जाणवते.

अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर नेटार्ट्स उपसागरात व्हिस्की क्रीक नावाचं कालवांचं बीजकेंद्र आहे. २००७-०८ च्या सुमारास तिथल्या टाक्यांत लाखो-कोटी अळ्या मरू लागल्या. आधी संशय जिवाणूंवर गेला, पाणी गाळण्याची नवी सोय झाली, तरी मरणं थांबेना. मग वैज्ञानिकांबरोबर पाणी तपासल्यावर कळलं की उत्तरेचा वारा सुटला की खोल समुद्रातलं कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं, आणि तेच टाकीत घेतलं जातं. कालवाची अळी पहिल्या दोनेक दिवसांत, अंड्यातून मिळालेल्या तुटपुंज्या शिदोरीवर आपलं पहिलं कवच बांधते. पाणी आम्लतेकडे झुकलेलं असलं तर तेच काम करताना तिची सगळी ताकद खर्ची पडते. मग ती लगेच मरते किंवा मागे पडून नंतर मरते. या कामाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

उपाय ऐकून आश्चर्य वाटावं इतका साधा निघाला. उपसागरातली पाणवनस्पती दिवसभर उन्हात कार्बन डायऑक्साइड खेचून घेते, म्हणून सकाळऐवजी दुपारनंतर टाक्या भरायच्या. वाऱ्याची दिशा बघायची. पाण्याचं रसायन सतत मोजत राहायचं, आणि तरीही कमी पडलं तर सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा मापाने मिसळायचा. बीजकेंद्र सावरलं. पण हे टाकीतच शक्य आहे. खुल्या उपसागरात पसरलेल्या कालवांना कुणी सोडा घालू शकत नाही, आणि या कहाणीतला हा भाग सांगताना बहुतेकदा गाळला जातो.

खुल्या समुद्रातल्या पिंजऱ्यांचंही तसंच. चिलीत २०१६ च्या सुरुवातीला एल निनोमुळे (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याच्या घटनेमुळे) कोरडं, उबदार आणि निवांत हवामान लाभलं आणि विषारी प्लवंग एवढं माजलं की सुमारे ३९ हजार टन सॅमन गेला. आता असे उत्पादक उपग्रहाच्या चित्रांवर आणि पाण्याच्या नमुन्यांवर नजर ठेवतात, प्लवंग आलं की खाद्य थांबवतात म्हणजे मासे वर येत नाहीत, पिंजऱ्यात खालून हवेचे बुडबुडे सोडतात किंवा पिंजराच खोल बुडवतात. झांझिबारच्या बायका उथळ पाण्यात लाल शेवाळाची शेती करत. पाणी तापू लागलं तसं शेवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडून गळू लागल्या, तेव्हा खोल पाण्यात नळीसारख्या जाळ्यांत शेवाळ लावण्याचे प्रयोग झाले. खोल पाणी गार असतं खरं, पण तिथे जायला होडी लागते आणि पोहता यावं लागतं. उथळ पाण्यात चालत जाऊन काम करणाऱ्या बाईसाठी ही अट छोटी नाही.

बी आणि खाद्य

माशांची सुधारित जात म्हणजे जादूची कांडी, अशी एक अपेक्षा असते. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या गिफ्ट तिलापियाच्या कामाने ती थोडीफार खरीही केली: आफ्रिकेतून आणलेल्या नाइल तिलापियाच्या निवडीतून पिढीगणिक जोमाने वाढणारा मासा तयार झाला. मात्र चांगल्या सांभाळलेल्या तळ्यात वेगाने वाढणारा मासा कमी प्राणवायूत किंवा गरम पाण्यातही तसाच तरेल, याची हमी नसते. त्यासाठी निवडही तशाच पाण्यात करावी लागते, आणि त्याला अनेक पिढ्या जातात.

खाद्याचा धागा तळ्यापासून फार दूर जाऊन पोचतो. माशांच्या खाद्यातली मासळीची पूड मोठ्या प्रमाणात पेरूच्या समुद्रातल्या अँचोव्ही या छोट्या माशापासून येते. २०२३ मध्ये एल निनो आला, पिल्लांचं प्रमाण जास्त दिसलं आणि पेरूने मध्य-उत्तर समुद्रातला पहिला हंगाम रद्द केला. आपल्या तळ्यात सगळं ठीक असलेल्या शेतकऱ्यालाही अशा वर्षी खाद्य महाग पडतं. सोयाबीन, कीटकांची पूड, शेवाळाचं तेल यांच्याकडे वळण्यामागे हेही एक कारण आहे.

उपायाचाच अपाय

काही उपाय एका तळ्याला वाचवतात आणि शेजाऱ्यांना बुडवतात. खाऱ्या पाण्यात मीठ कमी करायला शेतकरी भूजल उपसतात. तैवानच्या पिंगतुंग किनाऱ्यावर मत्स्यतळ्यांसाठी इतकं भूजल उपसलं गेलं की काही ठिकाणी जमीन ३ मीटरहून अधिक खचली. समुद्र वर येण्याची वाट बघण्याआधीच जमीन खाली गेली. रात्रभर चालणारे एरेटर आणि बंदिस्त टाक्यांतली पुनर्चक्रण पद्धत बाहेरच्या हवामानापासून आडोसा देतात, पण वीज मागतात, आणि ती कोळशाची असेल तर मूळ दुखण्यात भर घालतात. खारफुटी तोडून केलेल्या कोळंबी तळ्यांनी तर वादळाची लाट अडवणारी भिंतच काढून टाकली.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक जिल्ह्यात हे उलट फिरवायचा प्रयत्न झाला. तिथे किनारा झिजून समुद्र गावांत शिरला होता. काटक्या-फांद्यांचे पाणी झिरपू देणारे बंधारे घालून गाळ अडवला, म्हणजे त्यावर खारफुटी आपोआप रुजावी. तळ्यांच्या मालकांनी नदीलगतची आपली थोडी जागा खारफुटीला सोडावी आणि उरलेल्या तळ्यात चांगल्या पद्धतीने जास्त पीक घ्यावं, अशी मांडणी होती. त्यासाठी शेतकऱ्यांच्या किनारी शाळा भरल्या, तिथे पाणी मोजणं, गाळ ओळखणं, सेंद्रिय खत बनवणं शिकवलं गेलं, आणि अनेकांचं उत्पन्न वाढलं. पण लगतच्या सेमारांग शहरात आणि कारखान्यांत भूजलाचा उपसा चालूच राहिला, जमीन खचत राहिली आणि काही बंधारे व नवी खारफुटी पाण्याखाली गेली. शाळेत शिकलेला शेतकरी आपल्या तळ्याचा सामू सांभाळू शकतो. शहराच्या विंधन विहिरींवर मात्र त्याचा ताबा नाही, आणि किनारा टिकायचा तर तो उपसा थांबवण्याचा निर्णय सरकारलाच घ्यावा लागेल.